साडेसहाचा भात

आमच्या ऑफिसात एक पद्धत आहे. प्रॉडक्शनला काही कोसळलं, की आधी ते कसंबसं उभं करायचं आणि मग दोन दिवसांनी सगळ्यांनी एका खोलीत बसून ते का कोसळलं हे शोधायचं. कुणाचं नाव घ्यायचं नाही, नुसतं 'का?' विचारत जायचं. पाच वेळा 'का' विचारलं की खरं कारण सापडतं म्हणतात. मूळची ही टोयोटाची युक्ती, आमच्या धंद्याने उचलली. तर गेल्या मे महिन्यात हाच खेळ मी आर्वीतल्या एका नर्सिंग होमच्या जिन्यात बसून एकट्यानेच खेळलो. पाचव्या 'का'ला जे उत्तर आलं ते मला अजून पचलेलं नाही. तेव्हा आजचं शनिवारचं लिखाण थोडं लांबणार आहे. चहा घेऊन बसा.

आधी एका शब्दाचा घोळ मिटवतो. माझ्या न्यू जर्सीतल्या मित्राला 'नर्सिंग होम' म्हटलं की म्हाताऱ्या माणसांना कायमचं ठेवायची जागा आठवते. आपल्याकडे नर्सिंग होम म्हणजे डॉक्टरसाहेबांचं छोटं हॉस्पिटल. खाली मेडिकल, शेजारी ओपीडी, वर दहा-बारा खाटा आणि जिन्यात चपलांचा ढीग. कायद्यातही तेच आहे. मूळचा मुंबईचा १९४९ चा नर्सिंग होम नोंदणी कायदा आता महाराष्ट्राच्या नावाने चालतो. आजारी, जखमी किंवा दुर्बळ माणसाला ठेवून घेऊन त्याच्यावर उपचार आणि शुश्रूषा करायची जागा म्हणजे नर्सिंग होम, अशी त्यातली व्याख्या. बाळंतपणाची घरंही त्यातच आली. उपचार आहे, शुश्रूषा आहे. जेवणाचा शब्द त्या व्याख्येत नाही. आणि आर्वीत मी पाहिलेल्या नर्सिंग होममध्ये स्वयंपाकघरही नव्हतं. "पेशंटच्या जेवणाचं काय?" असं विचारलं की सिस्टरचं उत्तर ठरलेलं, "घरून आणा."

आता आर्वी. पुण्यातल्या निम्म्या मंडळींना आर्वी म्हणजे कुठे हे सांगावं लागतं. वर्धा जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. मुंबई-नागपूर लाइनवर पुलगाव लागतं, तिथून आर्वीपर्यंत एकेकाळी नॅरोगेजची छोटी गाडी धावायची. ती बंद पडली, आता सगळा कारभार एसटीवर. माझं आजोळ तिथून पुढे तासाभराच्या अंतरावरचं एक खेडं. कपाशी, तूर आणि मे महिन्यात अंगाची लाही. दुपारी ४४-४५ अंश हे तिकडे बातमीत सांगण्यासारखं तापमान नाही.

आजी न्हाणीत घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. वय ८१. आर्वीतच ऑपरेशन झालं आणि उत्तम झालं. हे मुद्दाम आधी सांगतो, कारण पुढचं वाचून कुणी डॉक्टरांवर घसरू नये. मी पुण्याहून लॅपटॉप घेऊन गेलो होतो. दिवसा खाटेशेजारच्या स्टुलावर बसून कॉल घ्यायचे, रात्री खाली सतरंजी टाकून झोपायचं. तीन दिवस मजेत गेले. आजी शेजारच्या खाटेवरच्या बाईच्या सुनेच्या माहेरपर्यंतची माहिती काढून मोकळी झाली होती.

चौथ्या रात्री साडेदहाला तिला उलटी झाली. मग आणखी एक, मग जुलाब. हाड बसवलेल्या माणसाला जुलाब होणं म्हणजे काय, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. तिला उठता येत नव्हतं, कुशीवर वळताही येत नव्हतं. पहाटेपर्यंत तिचे डोळे आत गेले, जीभ कोरडी पडली आणि बीपी इतकं खाली आलं की सिस्टरने डॉक्टरांना घरून उठवून आणलं. सलाइन, रक्ताची तपासणी, पोटॅशियम कमी. मला म्हणाली, "बाबू, घरी ने मले." आजवर तिने माझ्याकडे काही मागितलेलं मला आठवत नाही.

डॉक्टर म्हणाले, "खाण्यातलं दिसतंय."

झालं. मला आरोपी सापडला. नर्सिंग होमच्या खालच्या गल्लीत एक खानावळ होती, नातेवाइकांची सगळी जेवणं तिथेच व्हायची. तिथल्या टेबलावरून फिरणारं कळकट फडकं मी तीन दिवस बघत होतो. सकाळी सात वाजता मी तिथे जाऊन उभा राहिलो आणि पुण्यात हॉटेलवाल्याशी भांडतात त्या भाषेत सुरुवात केली. कम्प्लेंट करीन, अन्न व औषध प्रशासनाला मेल टाकीन वगैरे. खानावळवाली बाई पोह्यांवर शेव टाकत होती. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"भाऊ, तुमच्या आजीनं माह्या हातचा घोटभर चहा बी घेतला नाई. तिचा डबा तं गावाहून एसटीनं येते. मी कायची आजारी पाडू तिले?"

मी गप्प. मग तीच म्हणाली, "या, आत या. पाहून घ्या."

मी गेलो आत. (लाज वाटायला हवी होती, पण रागाच्या भरात गेलो.) दोन शेगड्या, तोटी बसवलेलं पाण्याचं पिंप, ओगराळी खुंटीला टांगलेली. भिंतीवर गजानन महाराजांचा फोटो आणि त्याच्या शेजारी तशाच फ्रेममध्ये फूड सेफ्टीच्या नोंदणीचा कागद. रात्रीचा भात कुठाय विचारलं तर म्हणाली, "उन्हाळ्यात सकाळचा भात मी रातच्याले देत नाई. आंबते. सकाळी येगळा, रातच्याले येगळा. उरला तं ढोरायले." फडक्याबद्दल मी बोललो. "हौ, ते बदलतो," म्हणाली. आणि खरंच दुपारी नवीन फडकं होतं.

मग मी जिन्यात येऊन बसलो आणि डब्याचा लॉग काढला. मामीला फोन करून वेळा विचारल्या. तिला वाटलं मी कौतुकाने विचारतोय.

मामी पहाटे पाचला उठून साडेसहापर्यंत घरच्या सात माणसांचा आणि आजीचा भात शिजवायची. गरम भात स्टीलच्या डब्यात दाबून भरायचा, झाकण घट्ट, वर फडकं बांधायचं. आठच्या गाडीने डबा कंडक्टरच्या हवाली. सव्वानऊला आर्वीच्या स्टँडवर तो मी उचलायचो आणि खिडकीशेजारच्या कपाटावर ठेवायचो. सकाळचं ऊन नेमकं त्याच खिडकीतून यायचं. एक वाजता आजी अर्धा भात वरणाशी खायची. उरलेला अर्धा रात्री आठला दही कालवून. म्हणजे साडेसहाचा भात रात्री आठला. साडेतेरा तास. चार दिवस तो डबा माझ्या हातातून जात होता आणि मी त्याच खोलीत बसून दुसऱ्यांच्या सर्व्हरचा रिस्पॉन्स टाइम मोजत होतो.

भाताचं गणित बहुतेकांना माहीत नसतं, मलाही नव्हतं. बॅसिलस सेरियस नावाचा एक जंतू आहे. त्याचे बीजाणू मातीत असतात, तांदळात असतात आणि भात शिजला तरी मरत नाहीत. भात गरम राहिला किंवा चटकन गार झाला तर ते निपचित पडून राहतात. कोमट राहिला की जागे होतात, वाढतात आणि विष तयार करतात. आणि हे उलटी करवणारं विष पुन्हा गरम केल्याने नष्ट होत नाही. 'जरा वाफ दिली की झालं' हा आपला घरोघरीचा उपाय इथे चालत नाही. जागतिक आरोग्य संघटनेचा साधा नियम आहे: शिजलेलं अन्न ६० अंशांच्या वर ठेवा किंवा ५ अंशांच्या खाली, आणि बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नका. आता मे महिन्यातली आर्वीची खोली बघा. कूलर बंद पडला की ४० अंश. म्हणजे ५ आणि ६० च्या अगदी मधोमध. आपण ज्याला खोलीचं तापमान म्हणतो तेच जंतू वाढवायचं यंत्र.

आमच्या लोकांना दोनाचे घात समजतात म्हणून सांगतो. परिस्थिती अनुकूल असली की साधारण वीस मिनिटांत दुप्पट होणारे जंतू असतात. एकापासून सुरुवात केली तर चार तासांत बारा वेळा दुप्पट, म्हणजे ४०९६. सात तासांत एकवीस वेळा, म्हणजे २० लाखांच्या वर. प्रत्यक्षात वाढ कुठेतरी मंदावते, पण मुद्दा लक्षात येईल. घाण डोळ्यांना दिसते म्हणून आपण घाणीला घाबरतो. तास दिसत नाहीत. मी त्या फडक्याकडे तीन दिवस बघत होतो आणि घड्याळाकडे एकदाही बघितलं नाही.

त्यात म्हातारं माणूस. पोटातलं आम्ल हा आपला पहिला वॉचमन. वयाबरोबर तो अनेकांच्यात सुस्तावतो. ऑपरेशननंतर आम्ल कमी करायची गोळी दिली की तो खुर्चीतच झोपतो. मामा, मामी आणि पोरांनी तोच भात ताजा खाल्ला, त्यांना काहीच झालं नाही. हे सांगून मामाने दुसऱ्या दिवशी माझं सगळं गणित उडवून लावायचा प्रयत्नही केला.

आता ते पाच 'का'.

आजी आजारी का पडली? बहुधा भातामुळे. (तपासणीला भात उरलाच नव्हता, पण वेळा तंतोतंत जुळत होत्या. हे विष काही तासांतच उलटी करवतं.) भात का बिघडला? साडेतेरा तास कोमट राहिला म्हणून. इतका वेळ का? दिवसातून एकच डबा यायचा, कारण सोयीची गाडी एकच. डबा तासभर लांबून का आणायचा, खाली दोन मिनिटांवर गरम जेवण मिळत असताना? आजीने खालचं नको म्हटलं म्हणून.

का नको म्हटलं?

पहिल्याच दिवशी ती खानावळवाली स्वतः ताट घेऊन वर आली होती. वरण-भात, लिंबाची फोड. आजीने तिला प्रेमाने शेजारी बसवलं आणि विचारलं, "कोनाच्या घरची वं तू?" तिने आडनाव सांगितलं. आजी क्षणभर थांबली. मग म्हणाली, "ठेव बाई तिकडं. मले भूक नाई." संध्याकाळी आईने मामीला फोन केला, उद्यापासून डबा पाठव. आई काही बोलली नाही, मामा काही बोलला नाही, शेजारच्या खाटेवरची बाई समजूतदारपणे मान हलवत होती. मी लॅपटॉपमध्ये डोकं घालून बसलो होतो. ऐकू आलं होतं.

इथे माझा खेळ संपला. ऑफिसात पाचव्या 'का'नंतर एक फॉर्म भरतात: दुरुस्ती काय, कोण करणार, कधीपर्यंत. हा फॉर्म मला भरता आला नाही. आजीला ऑपरेशनच्या वेळी रक्ताची एक बाटली चढवली होती. तिच्यावर फक्त गट लिहिलेला होता.

असो. जिन्यातून उठलो, पण हा विषय डोक्यातून गेला नाही. पुण्याला आल्यावर वाचत बसलो आणि इंग्लंडातली एक जुनी गोष्ट सापडली. वेकफील्डला स्टॅन्ली रॉइड नावाचं मानसिक आजारांचं सरकारी हॉस्पिटल होतं. ऑगस्ट १९८४ मध्ये तिथल्या स्वयंपाकघरातलं भाजलेलं बीफ कित्येक तास फ्रीजबाहेर राहिलं आणि मग गार वाढलं गेलं. साल्मोनेला. चारशेहून जास्त माणसं आजारी पडली आणि १९ रुग्ण दगावले, तेही मुख्यतः म्हातारे. चौकशीत लोकांना कळलं की सरकारी हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरावर अन्नस्वच्छतेचा खटलाच भरता येत नाही. ती राजसत्तेची मालमत्ता, आणि राजसत्तेला कायद्यापासून सूट. रस्त्यावरच्या चहावाल्याला कोर्टात खेचता येतं, हॉस्पिटलच्या मुदपाकखान्याला नाही. बोंब झाली आणि १९८६ मध्ये कायदा करून ती सूट काढून घेतली.

हे वाचताना मला आमचा डबाच दिसत होता. आपल्याकडे राणीची सूट नाही, पण 'घरचं आहे' ही सूट आहे. खानावळवालीची भिंतीवर नोंदणी आहे, तिच्या दारात इन्स्पेक्टर येऊ शकतो, मी पुण्याहून येऊन तिच्याशी भांडू शकतो. मामीच्या डब्याला कोण विचारणार? तो पहाटे पाचला उठून केलेला असतो. त्यात जीव ओतलेला असतो. त्याच्यावर शंका घेतली तर ती मामीवर शंका होते. देवाच्या प्रसादाचंही तेच. फेब्रुवारी २०२४ मध्ये बुलढाणा जिल्ह्यात लोणार तालुक्यातल्या सोमठाण्याला एकादशीची भगर आणि आमटी खाऊन शेकडो लोक आजारी पडले. झाडांना दोरी बांधून तिच्यावर सलाइनच्या बाटल्या लटकवलेले फोटो तुम्हीही पाहिले असतील. भगर उपासाची असते. जंतूंना उपास नसतो.

कायद्याचं सांगायचं तर तो अगदीच बावळट नाही. २००६ चा अन्नसुरक्षा कायदा, लागू झाला २०११ मध्ये. त्यात अन्न-व्यवसायाची व्याख्या बरीच रुंद आहे. नफ्यासाठी असो वा नसो, सरकारी असो वा खासगी, जो शिजवून पुरवतो तो त्यात आला. म्हणजे ट्रस्टच्या वृद्धाश्रमाचं स्वयंपाकघर आलं, हॉस्पिटलचं कॅन्टीन आलं, गल्लीतली खानावळ आली. घरून आपल्याच माणसासाठी आणलेला डबा तेवढा आला नाही, आणि तसा तो येऊही नये. मामीच्या चुलीपर्यंत इन्स्पेक्टर पाठवा असं मी म्हणत नाही. पण नर्सिंग होमचा कायदा जेवणापर्यंत येत नाही आणि अन्नाचा कायदा खाटेपर्यंत. दोन मॉड्यूल दोन टीमनी लिहिली, दोन्ही आपापल्या जागी ठीक आहेत, आणि मधल्या इंटरफेसचा मालक कुणीच नाही. आमच्याकडे सगळे मोठे बग तिथेच असतात.

न्यू जर्सीच्या मित्राने त्यांच्याकडची गंमत सांगितली. तिथल्या नर्सिंग होमच्या तपासणीत प्रत्येक दोषाला नंबर असतो. अन्न अस्वच्छ पद्धतीने साठवलं, शिजवलं किंवा वाढलं की एफ-८१२. पुन्हा तो दोष किती गंभीर आणि किती पसरलेला हे दाखवायला ए पासून एल पर्यंत अक्षर. आणि अहवाल मेडिकेअरच्या साइटवर, कुणीही उघडून वाचावा. थोडक्यात, बग ट्रॅकर आणि तोही पब्लिक! म्हणून तिथे दोष होत नाहीत असं नाही, ढिगाने होतात. पण आई-वडिलांना कुठे ठेवायचं हे ठरवताना मुलगा निदान ते वाचू शकतो. आपण काय वाचतो? वृद्धाश्रमाच्या ब्रोशरमधली हिरवळ आणि भजनाचा हॉल.

वृद्धाश्रमावरून आठवलं, आणि हे कबूल करायला मला आर्वीपेक्षा जड जातंय. काही वर्षांपूर्वी आमच्या ऑफिसात वर्धापनदिनाची पार्टी झाली. भरपूर पुलाव उरला. कुणीतरी म्हणालं, फेकण्यापेक्षा वृद्धाश्रमात देऊ. सगळ्यांना कल्पना आवडली, मीच गाडी काढली. केटररने पुलाव शिजवला होता सकाळी दहाला. दुपारी एकला जेवणं, तीनपर्यंत बुफेवर उघडा, चारला आम्ही मोठ्या डब्यांत भरला. ट्रॅफिकमधून सहाला पोचलो, फोटो काढले. तिथली जेवायची वेळ साडेसात. साडेनऊ तास. कुणाला काही झालं का? मला माहीत नाही. आम्ही पुन्हा विचारायला गेलोच नाही. उरलेलं अन्न वाटण्यासाठी २०१९ मध्ये वेगळे नियमच आले आहेत, पण आम्ही काही व्यवसाय करत नव्हतो ना, पुण्य करत होतो. तेव्हा वडिलांच्या पुण्यतिथीला वृद्धाश्रमात शंभर माणसांचं श्रीखंड-पुरी नेणाऱ्यांनो, निदान एक करा. तयार अन्न नेऊ नका. पैसे द्या, तूरडाळ द्या, आणि त्यांच्याच स्वयंपाक्याला त्यांच्याच वेळेला शिजवू द्या. किंवा फ्रीज द्या. फ्रीजबरोबर फोटो चांगला येत नाही, हे मान्य.

मग नर्सिंग होमने सगळ्यांना जेवणच द्यावं का? डिस्चार्जच्या आदल्या दिवशी हे मी डॉक्टरांना विचारलं. ते हसले. म्हणाले, "बारा खाटांसाठी स्वयंपाकी ठेवू, लायसन घेऊ, आणि बिलात रोजचे दोनशे वाढले की तुम्हीच भांडायला येणार." खोटं नाही ते. शिवाय दुसरी बाजूही आहे. मामीचा एक डबा बिघडला तर एक माणूस आजारी पडतो, एकच मोठं पातेलं बिघडलं तर अख्खा वॉर्ड. स्टॅन्ली रॉइडला नेमकं तेच झालं. सगळं एका ठिकाणी आणलं की ती एकच जागा फार नीट सांभाळावी लागते, हे सर्व्हरवाल्यांना मी सांगायला नको. बारा खाटांच्या जागेला ते झेपेल असं मलाही वाटत नाही.

पण डब्याला मालक तरी नेमता येईल. आजीच्या खाटेला लटकवलेल्या कागदावर चार-चार तासांचं बीपी होतं, ताप होता, लघवीचं माप होतं. आहाराच्या रकान्यात चार दिवस एकच शब्द होता, 'सॉफ्ट'. काय खाल्लं, कुठून आलं, किती वाजता शिजलं, काही नाही. सिस्टर गोळी देताना "जेवल्या का?" विचारायची. तिथेच "डबा किती वाजताचा?" एवढं विचारलं असतं आणि लिहिलं असतं, तर पहिल्याच दिवशी कुणाच्या तरी लक्षात आलं असतं. सकाळचा डबा रात्री द्यायचा नाही, एवढी एक पाटी जिन्यात 'चपला बाहेर काढा'च्या शेजारी लागली असती तरी चाललं असतं. आणि जवळच्या चांगल्या खानावळीशी नर्सिंग होमने ठरवून टाकावं. पेशंटचं जेवण औषधासारखं ट्रेमधून, वेळेवर, सिस्टरच्या हातून यावं. नातेवाइकाने आणलेलं ताट नाकारता येतं. डॉक्टरांनी लिहून दिलेलं नाकारणं आमच्या आजीच्या पिढीला जमत नाही. त्या कंपाउंडरचं आडनावही तिने विचारलं नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, बघू. पाटी त्यांनी लावली की नाही ते मला ठाऊक नाही.

आता राहिलेलं सांगतो. आजीला आणखी पाच दिवस तिथे राहावं लागलं. डबा बंद करायचा म्हटलं तर ती काय खाणार? सत्य सांगून पटवायचं धैर्य माझ्यात नव्हतं. आडनावावरून तिच्याशी भांडलो असतो तर मला बरं वाटलं असतं आणि ती उपाशी राहिली असती. म्हणून मी मामीचा रिकामा डबा विसळून घेतला आणि रोज दोनदा खाली गेलो. खानावळवालीने पातळ मुगाची खिचडी करून द्यायची, मी ती मामीच्या डब्यात भरून वर न्यायची आणि म्हणायचं, मामीनं पाठवली. गरम कशी, असं आजीने एकदा विचारलं. सिस्टरने गरम करून दिली म्हटलं. खानावळवालीला सगळं माहीत होतं. पहिल्या दिवशी डबा माझ्या हातात देताना तिने विचारलं, "माहं नाव सांगसान का?" मी नाही म्हटलं. तिने वरून तूप घातलं आणि झाकण लावलं. पैसे मात्र मोजून घेतले, आणि मला तेच बरं वाटलं.

आजी त्या खिचडीवर उभी राहिली. वॉकर धरून चार पावलं टाकली, तेव्हा सगळा वॉर्ड बघत होता.

घरी नेलं त्या दिवशी मामीने दारात ओवाळलं. आजी खाटेवर टेकली, पाणी प्यायली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "काहीबी म्हणा, खिचडी लय चांगली पाठोली वं तू. हिंग जरा जास्त होता, पन चांगली होती."

मामी हिंग खात नाही. घरात हिंगाची डबीसुद्धा नाही, हे आजीला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. मामीने माझ्याकडे बघितलं. आजी तोंडाला पदर लावून भिंतीकडे बघत होती. मी उठलो आणि पुलगावच्या गाडीची वेळ विचारायला बाहेर गेलो.